होज पाइप: पट्टी मारावी, कापून लावावा की जोडीच बदलावी?

मागच्या मे महिन्यात सायन सर्कलच्या सिग्नलला माझ्या गाडीचा टेम्परेचरचा काटा चढला. एसी बंद केला, तेव्हा उतरला. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला. आठवड्याने पुन्हा तेच, म्हणून रेडिएटर धुऊन घेतला. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या एका मेकॅनिकने खालच्या होज पाइपची, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या रबरी पाइपची, क्लिप सरकवून दाखवली, तर तिच्याखाली केसाएवढी चीर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला गॅरेजमधून ‘पाइप बदलावा लागेल’ असा फोन आला, की तो आधी माझं दार वाजवतो. सगळ्यांचा प्रश्न एकच: बदलायलाच हवा का, की काहीतरी करून भागेल?

आधी पाइप खरंच गेलाय का ते बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीचं बोनेट उघडा. वरचा पाइप इंजिनातलं तापलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे नेतो, खालचा पाइप निवलेलं कूलंट वॉटर पंपाकडे परत आणतो. नुसतं बघून उपयोग नाही. बाहेरून काळाकुळकुळीत दिसणारा पाइप आतून संपलेला असू शकतो. इंजिनाचा धातू, रेडिएटरचा धातू आणि मधलं कूलंट यांची मिळून एक बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्या प्रवाहाने रबराला आतल्या बाजूने लांबीच्या दिशेत चिरा पडतात. त्या बहुतेक टोकांजवळच्या दोन इंचांत असतात. म्हणून आधी पाइप मधोमध चिमटीत दाबा, मग क्लिपजवळ दाबा. टोक मधल्यापेक्षा लिबलिबीत लागलं किंवा आत खाचा जाणवल्या, तर पाइप गेला. दाबताना कुरकुर वाजला, लाकडासारखा कडक लागला, कुठे फुगवटा दिसला, तरी गेला. ऑइल सांडून चिकट आणि फुगीर झालेला पाइप तर पुसूनही सुधारत नाही. जोडावर पांढरट-हिरवट खपली म्हणजे तिथून कूलंट झिरपून वाळतंय.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. मुंबईत गाडी तासभर चालते आणि दहा-बारा किलोमीटर जाते. रेडिएटरला समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर, वर एसी चालू. पाइप मात्र तासभर शिजतो. चाळीस हजार चाललेली आपली गाडी हायवेवर तेवढीच चाललेल्या गाडीपेक्षा या बाबतीत म्हातारी असते. चार-पाच वर्षं झाली की प्रत्येक सर्व्हिसला हा चिमटा काढायचाच.

आता पर्याय. पट्टी मारणं सगळ्यात स्वस्त. साधी इलेक्ट्रिकची टेप इथे टिकत नाही. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप पाइप गार, कोरडा आणि स्वच्छ करून ताणून गुंडाळली, तर घरापर्यंत पोचवते. पण आत साधारण १ बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळपास निम्मा, आणि त्या दाबाखाली ९० अंशांच्या पुढचं कूलंट. पट्टी मारून अटल सेतूवर किंवा बोरघाटात जायचं धाडस मी करणार नाही. दादरहून माटुंग्याच्या गॅरेजपर्यंत, ठीक आहे.

टोक इंचभर कापून पुन्हा बसवणं हा मेकॅनिकचा आवडता उपाय. गळती अगदी तोंडाशी असेल, पाइपला लांबी शिल्लक असेल आणि बाकीचं रबर तरुण असेल, तर तो रास्त आहे. उंदराने टोक कुरतडलं असेल तेव्हा तर उत्तमच. पण आठ वर्षांच्या पाइपचं एक टोक कापलं, तरी दुसरं टोकही आठच वर्षांचं असतं. शिवाय साच्यातला वळणदार पाइप आखूड झाला की ताणला जातो आणि इंजिनाच्या प्रत्येक हिसक्याला जोड ओढतो.

मग नवा घ्यायचा तर कुठला? कंपनीचा ओरिजिनल, चांगल्या ब्रँडचा बाहेरचा रबरी, की रंगीत सिलिकॉनचा? पहिल्या दोहोंत मी आकार बरोबर बसेल तो घेईन. ऑपेरा हाउसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानांत जाताना जुना पाइप पिशवीत घालून न्या, वळणावर वळण ठेवून बघा. कापलेल्या तोंडात दोन थरांच्या मधे धाग्याची वीण दिसली पाहिजे. छापलेली तारीख असेल तर वाचा, कारण रबर फळीवर पडूनही म्हातारं होतं. कुठेही वाकणारा नालीदार ‘युनिव्हर्सल’ पाइप मला दाखवूही नका.

सिलिकॉनचं कौतुक मला समजतं, पटत नाही. तो रबरापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसतो, खरं आहे. पण धडधाकट गाडीचं कूलंट त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. किंमत रबरी पाइपच्या कित्येक पट, साधी खाचांची क्लिप त्याला कापते म्हणून वेगळी क्लिप हवी, आणि त्याच्या भिंतीतून वाफ किंचित जास्त झिरपते. अंधेरी-फोर्ट करणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

क्लिपकडे कुणी बघत नाही, म्हणून जरा थांबतो. कंपनीची स्प्रिंगची क्लिप रबर फुगलं-आकसलं तरी दाब कायम ठेवते. मेकॅनिक ती काढून स्क्रूची लावतो, कारण ती पेचकसाने पटकन बसते. स्क्रूखाली रबर काही दिवसांत दबून बसतं. मग पहाटे पार्किंगमध्ये चार थेंब, आणि गाडी तापली की गळती गायब. असं होत असेल तर पाइपआधी क्लिप बघा. नव्या पाइपला नवी स्प्रिंग क्लिप, मिळत नसेल तर आतून गुळगुळीत पट्टीची स्क्रू क्लिप.

एकच पाइप गेला असेल तरी, गाडी आणखी दोन-तीन वर्षं ठेवणार असाल, तर वरचा-खालचा दोन्ही बदला. कूलंट तसंही काढावं लागतं आणि मजुरी जवळपास तेवढीच. सहा महिन्यांत विकायची असेल, तर गेलेला एकच बदला.

स्वतः करणार असाल, तर इंजिन पूर्ण गार, झाकण गार झाल्यावरच उघडायचं, आणि कूलंट ट्रेमध्ये धरायचं. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं, कंपाउंडमधल्या मांजरांचा विचार करा. चिकटून बसलेला पाइप पेचकसाने उचकटू नका, रेडिएटरची प्लॅस्टिकची मान तुटते. ब्लेडने उभा चिरून सोलून काढा. भरताना निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, हीटर पूर्ण गरमवर, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. हवा निघाली की पातळी उतरते, म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा भरायचं.

गॅरेजमध्ये दिलीत तर जुने पाइप परत मागा. घरी आणून ब्लेडने उभे चिरा आणि टोकांजवळची आतली बाजू बघा. माझा चिरल्यावर क्लिपच्या खुणेपासून आत बोटभर लांब तीन चिरा निघाल्या. बाहेरून त्यातली एकच दिसत होती.