फी नको, आधी खाटा मोजा: जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगचा आमच्या घरातला हिशेब

मी येळ्ळूरची. बेळगावात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, केलं 2016 ते 2019, धाकट्या बहिणीनं बीएस्सी नर्सिंग, म्हणजे चार वर्षांची डिग्री, 2021 ते 2025. बारावीचा निकाल लागला की गावातल्या पोरी विचारायला येतात, "अक्का, कुठलं स्वस्त पडतंय?" म्हणून आप्पांची खर्चाची वही उघडून बसले.

माझ्या कॉलेजनं फी सांगितली वर्षाला 40,000. आम्हाला वाटलं, तीन वर्षांत 1,20,000, एका सुगीच्या भातात थोडं कर्ज घालून भागेल. मग दर वर्षी डेव्हलपमेंटचे 12,000, पोस्टिंगच्या, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष कामाला न्यायच्या, गाडीचे 9,000, परीक्षेचे 4,500. युनिफॉर्म आणि बुटांचे एकदाच 6,500. शेवटी आकडा झाला 2,03,000. यातलं फीशिवायचं काहीच प्रवेशाच्या दिवशी कुणी बोललं नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा तिन्ही वर्षांचा सगळा खर्च लिहून मागा.

पैशापेक्षा मला जास्त लागलं ते पोस्टिंग. तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये आम्ही अकरा जणी एका सलाईनभोवती उभ्या. इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची बारीक नळी, घालायला शिकले ते लॅबमधल्या रबरी हातावर, त्याचं कोपराजवळचं रबर फाटलेलं. नोकरीत पहिल्या म्हाताऱ्या आजीची व्हेन तीन वेळा फुटली. ती काही बोलली नाही, नुसता हात घट्ट धरून राहिली. तो हात मला अजून आठवतो.

बहिणीच्या कॉलेजला स्वतःचं मोठं हॉस्पिटल होतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियमच आहे, कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल किमान 100 खाटांचं पाहिजे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. दुसऱ्या वर्षी ती लेबर रूममध्ये रात्र काढून यायची, केस बुक, म्हणजे हाताळलेल्या केसेसची वही, भरलेली. पलीकडच्या खेड्यातली बाई कळा देत असताना कन्नडमध्ये "नोवु एल्ली ऐत्री?" (कुठं दुखतंय?) एवढं विचारता येणं किती उपयोगाचं असतं, हे तिथंच कळलं तिला. आपल्या मराठी पोरींनी कन्नड शिकायला लाजू नये, वॉर्डात अर्धं काम त्याच्यावर चालतं.

तिची चार वर्षांची फी 3,40,000, बाकी खर्च 40,000, एकूण 3,80,000. ती घरातूनच जायची. 2023 च्या जूनपासून बायकांना बस फुकट झाली, त्याचाही हातभार लागला. सरकारी जागा मिळाली असती तर यातलं बरंच वाचलं असतं, पण ती थोडक्यात हुकली. ज्यांना मिळेल त्यांनी दुसरीकडे बघूच नये.

म्हणजे मी स्वस्तात सुटले? नाही. पहिला पगार मला 9,500, तिला 19,000. मधल्या वर्षांत पगार वाढले हे खरं, पण माझ्या बरोबरीनं लागलेल्या बीएस्सीवाल्यांनाही तेव्हा माझ्यापेक्षा जास्तच मिळायचा. पुढं मला दोन वर्षांचं पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बीएस्सी, करावं लागलं, 1,35,000 खर्चून, नोकरी सोडून. माझे झाले 3,38,000 आणि पाच वर्षं. तिच्यापेक्षा 42,000 कमी, वर्ष एक जास्त. एम्समधल्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सीला लागत नाही.

तरी जीएनएम वाईट म्हणणार नाही. आर्ट्स, कॉमर्सवाल्या पोरींना बीएस्सीला घेतच नाहीत, त्यांना तोच रस्ता आहे, आणि चांगल्या हॉस्पिटलचं जीएनएम खाटा नसलेल्या बीएस्सीपेक्षा कधीही सरस. फक्त ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचू नका. सकाळी नऊच्या सुमाराला वॉर्डात जा, खाटांवर किती पेशंट आहेत ते मोजा, आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोरीला बाजूला घेऊन विचारा, "आजवर किती इंट्राकॅथ घातलेस गं?"