यामाहा एफजी ८०० गिटार न नागपूरचा उन्हाळा

यामाहाच्याच एफ ३१० गिटारवर शिकलेले आपल्याकडे चिक्कार आहेत, मी पण त्यातलाच, पण एफजी ८०० हातात घेतली न तेव्हा फरक समजला. हिचा टॉप (वरची फळी) सॉलिड स्प्रूस लाकडाचा, लॅमिनेट (पातळ थर चिकटवलेला) नाही, जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जोरात स्ट्रम केला की आवाज छातीला लागतो बाप्पा! आतले ब्रेसेस (टॉपला आधार देणाऱ्या पट्ट्या) स्कॅलप्ड, म्हणजे कोरून हलके केलेले, त्यामुळे बेस मस्त खुलतो. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६५० मिमी, ३१० चा ६३४, तेव्हा तारा जरा ताठ लागतात न एका बोटानं बऱ्याच तारा दाबायची एफ कॉर्ड नवीन पोरांना रडवते. मी ११ च्या, म्हणजे जरा पातळ, तारा टाकल्या, आता आरामात वाजवून राहिलो. बॉडी मोठी आहे, बारक्या अंगाच्यांनी आधी मांडीवर घेऊन पाहा.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात इथं पारा ४५ ला टेकतो, हवा पार कोरडी, सॉलिड लाकूड आकसतं न फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचायला लागतात. म्हणून केसमध्येच ठेवा, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारं साधन) टाका, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहू द्या. कूलरसमोर भिंतीवर तर अजिबात टांगू नका भाऊ, तिथं उलट ओलावा जास्त होतो. भिंतीवर टांगायचीच हौस असेल तर लॅमिनेटवाली ३१० घ्या, ती त्या मानानं जास्त सोसते.