कायम प्राध्यापक आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक : बोलण्याची मुभा कोणाला?

कायम प्राध्यापकावर संस्थाचालकांचा रोष ओढवला, तरी चौकशीची पायरी ओलांडल्याशिवाय त्याला सहजासहजी घरी बसवता येत नाही, आणि काढलेच तर तो न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. 1978 ते 1994 या काळात मराठवाड्यात नामांतरावर, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या प्रश्नावर, उघड बाजू घेणे जोखमीचे असताना नोकरीच्या अशा आधाराचे मोल मोठे होते. तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, सहकाऱ्याला काढावेच लागत नाही; नव्या सत्रात नेमणुकीचे पत्र आले नाही, की झाले. म्हणूनच दुष्काळावरील शोधनिबंधातला उसाला लागणाऱ्या पाण्याचा परिच्छेद तो स्वतःच खोडतो, कारण संस्थेचे आणि साखर कारखान्याचे अध्यक्ष कधी कधी एकच असतात. (कायम झालेले सगळेच बोलतात असेही नाही, पदोन्नतीची फाईल त्यांचीही अडकते.) तरीही मला पहिली व्यवस्था उजवी वाटते, तिथे खोडलेला परिच्छेद निदान पुढच्या वर्षी छापता येतो.