एमजीबीला मागून टेलिस्कोपिक शॉकअप: आठ महिने वापरून मग काढले

मी इंग्लंडात राहतो, १९७२ ची एमजीबी जीटी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पक्क्या छपराची) आहे, आणि ती शोभेची नाही हां, रोज ऑफिसला नेतो. मागून होडीसारखी डुलायला लागली होती आणि खड्ड्यात गेली की खाडकन आवाज. जो तो म्हणे ते जुने लिव्हर आर्मवाले (दांड्याने हलणारे, आत तेल असलेले) शॉकअप फेक, टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) टाक. टाकले. ॲडजस्टेबल किट घेतलं, वरचा ब्रॅकेट जुन्या शॉकअपच्याच बोल्टांवर बसतो, खालची प्लेट पाट्यांच्या (म्हणजे लीफ स्प्रिंगच्या) यू-बोल्टला, वेल्डिंग नाही की भोकं पाडणं नाही, शनिवारी दुपारपर्यंत काम खलास. फिटिंगला पैकीच्या पैकी.

पण चालवायला? डुलणं थांबलं खरं, पण एकदम सॉफ्ट सेटिंगला ठेवूनसुद्धा बारीकसारीक खड्डा थेट कंबरेत. बायको म्हणाली, "यापेक्षा आपला लाल डबा बरा होता!" आणि खाडकन आवाज होताच तसाच.

शेवटी गाडीखाली शिरून नीट बघितलं तर पाटे पार बसलेले, कमान उरलीच नव्हती, ॲक्सल वर जाऊन बंप स्टॉपवर, म्हणजे वरच्या रबरी ठोकळ्यावर, आपटत होता. आता शॉकअप काय गाडी उचलून धरतो का, तो फक्त हेलकावे जिरवतो, वजन पाट्यांवरच असतं. हे कॉलेजात शिकलोय मी, तरी आधी पैसे घालवलेच.

मग नवे पाटे मागवले. इथे जरा जपून, जीटी उघड्या टपाच्या रोडस्टरपेक्षा जड, तिचे पाटे वेगळे येतात, आणि १९७४ नंतरच्या रबर बंपरवाल्या अमेरिकेच्या नियमांपायी इंचभर उंच केल्यात, त्यांचे पाटे क्रोम बंपरवालीला घातलेत तर शेपूट वर करून फिरेल. पाट्यांच्या टोकाचे बुश मी साधे रबराचेच घेतले, पॉली (पॉलियुरेथेनचे) टिकतात पण रोजच्याला कडक वाटतात. पाट्यांचे बोल्ट शेवटी घट्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करूनच, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

जुने लिव्हर आर्म रिबिल्ड करून नव्या लिंकसकट (शॉकअपचा दांडा ॲक्सलला जोडणारी काडी) परत लावले. आता गाडी मऊ चालते, डुलत नाही, आवाज गायब. शॉकअपमधलं तेल मात्र अधूनमधून बघावं लागतं, आणि झाकण उघडायच्या आधी वरची माती पुसून घ्या.

किट वाईट नाही, ट्रॅकवर पळवणाऱ्याला आवडेल. माझं गॅरेजमधे खोक्यात पडलंय, ब्रॅकेट-बोल्ट सगळं शाबूत.