कस्टम इन-इअर: लॉन्सवर गाणाऱ्या बाईचं मत

कस्टम इन-इअर, म्हणजे स्टेजवर गाणं ऐकायला माझ्याच कानाच्या मापाने बनवलेले इअरफोन, घेतले म्हटल्यावर ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "बाहेरचा आवाज पूर्ण बंद होतो का गं?" नाही होत. उलट त्या बाबतीत कस्टम मागेच आहेत. अल्टिमेट इअर्स आपल्या ॲक्रिलिक कस्टमसाठी 26 डेसिबलचा दावा करते, तर शुअरचे साधे, तयार मापाचे एसई 215 इअरफोन फोमच्या टिपांसह 37 डेसिबलपर्यंत आवाज अडवतात असं शुअर सांगते. आकडे कंपन्यांचे, पण माझ्या कानांनाही फरक त्याच बाजूचा वाटला.

मग पैसे कशाचे? माझ्यापुरते, जागचे न हलण्याचे. गाताना जबडा सतत चालू असतो, त्यात मे महिन्यातलं लग्न म्हणजे घामाची धार. फोम जरासा सुटला की खर्ज गेलाच, तंबोरा नुसता डासासारखा गुणगुणतो. कस्टम पहिल्या गाण्याला बसवले की जेवणाच्या पंगतीपर्यंत हात लावावा लागत नाही.

यातली खरी गोम मापात आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका ऑडिओलॉजिस्टकडे गेले. तिथे बहुतेक श्रवणयंत्रांसाठीच मापं घेतात. दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा कानात आत सरकवतात आणि मग पिचकारीने सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होतं. त्यांनी मला तोंड मिटून बसायला सांगितलं. मी म्हटलं, "मॅडम, मी तोंड उघडून गाते, माप मिटल्या तोंडाचं कसं चालेल?" दातांत ठोकळा धरून माप घेतलं. गाणाऱ्यांनी याबाबत हट्टच धरावा. जबडा उघडला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, आणि मिटल्या तोंडाच्या मापाचे इन-इअर वरच्या सुरालाच सैल पडतात. बोळा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे गेलाय ना, हेही विचारून घ्या.

कारण कान बंद झाला की स्वतःचा आवाज हाडांतून येऊन आत घुमतो. 'आ'ला फारसं नाही, पण 'ई' आणि 'ऊ'वर डोकं नुसतं भरून येतं, आणि नकळत आपण आवाज चोरायला लागतो. खोल बसणाऱ्या मापाने हे बरंच कमी होतं. उरलेल्यासाठी साऊंडवाल्या दादांना माझा आवाज थोडा वर घ्यायला आणि प्रेक्षकांकडे तोंड केलेला एक माईक माझ्या मिक्समध्ये, म्हणजे माझ्या कानात येणाऱ्या आवाजात, द्यायला सांगते. नाहीतर टाळ्या ऐकूच येत नाहीत, आणि टाळ्यांशिवाय लावणी कसली!

एक सवय मात्र सोडावी लागते. स्टुडिओत आपण मागून बंद असलेल्या हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून गातो, तिथे ते चालतं. स्टेजवर एकच इन-इअर काढला तर उघडा कान ड्रमचा मार खातो आणि दुसऱ्या कानात आपण व्हॉल्यूम वाढवत नेतो. कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची मर्यादा 85 डेसिबलला आठ तासांची आहे आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. आपली वरात नाशकातल्या द्वारका चौकापासून निघते तेव्हा नाशिक ढोल केवढा असतो, ते सांगायला नको.

आता नुसतं ऐकणाऱ्यांचं. घरी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मी अजूनही सेनहायझरचे एचडी 600 हेडफोनच लावते, 1997 सालचं मॉडेल. मागून उघडे असल्याने गाणं डोक्याच्या आत कोंडत नाही, जरा बाहेर बसल्यासारखं वाटतं. आपल्या कानाच्या पाळीचाही त्यात वाटा असतो. इन-इअर तिला वगळूनच थेट आत जातात. कस्टमवर तबल्याची किनार लख्ख कळते, पण बैठकीचा ऐसपैसपणा नाही. शिवाय ते विकायला काढले तर घेणार कोण, कान तर माझाच! सिटी लिंकच्या बसमध्ये ऐकायचं असेल तर दीड-दोन हजारांचे साधे इन-इअर पुष्कळ झाले.

स्टेजवाल्यांनी घेण्याआधी एवढं बघा की मिक्सरवर तुमच्यासाठी वेगळा ऑक्स, म्हणजे तुमच्या कानात आवाज पाठवायची वेगळी वाट, मिळतो का. सगळ्यांना एकच मॉनिटर मिक्स असेल तर तीस हजारांचे कस्टम लावूनही दुसऱ्याचा कीबोर्डच ऐकत बसाल. माझी नणंद आमच्याकडे कीबोर्ड वाजवते, तिलाही कस्टम हवे होते. तिला म्हटलं, तुझा जबडा कुठे हलतोय, फोमच्या टिपा घे आणि उरलेल्या पैशांत चांगला बेल्टपॅक, कमरेला लावून इअरफोनला आवाज देणारा डबा, घे.