सोलापुरात कुणाला अटक झाली, हे ऑनलाइन कळतं का? पोलीस पोर्टल, ई-कोर्ट्स आणि ई-प्रिझन्सचा रिव्ह्यू

गुगलवर 'अरेस्ट रेकॉर्ड' टाकलं की आधी अमेरिकेतल्या तुरुंगांच्या याद्या येतात. फोटो, वय, कलमं, जामिनाची रक्कम, सगळं उघड. आपल्याकडे असली यादी नाही, आणि नाही तेच बरं. पण त्यामुळे सोलापुरात अमुक माणसाला अटक झाली का, कशात झाली आणि आता तो कुठे आहे, या तीन प्रश्नांसाठी तीन वेगळी सरकारी दारं ठोठवावी लागतात. या तिन्हींना जोडणारा एकच धागा आहे, एफआयआर क्रमांक. तो आधी मिळवा. नावाने शोधत बसाल तर दिवस जाईल आणि हाती भलत्याचाच गुन्हा लागेल.

सुरुवात महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून. 'प्रकाशित एफआयआर' या पानाला लॉगिन लागत नाही. जिल्ह्यांच्या यादीत सोलापूर दोनदा येतं, शहर आणि ग्रामीण, आणि निम्मे लोक इथेच चुकतात. आयुक्तालयाखाली फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, जोडभावी पेठ, एमआयडीसी आणि सलगर वस्ती ही ठाणी. 'सोलापूर तालुका' हे ठाणं नावाने शहरातलं वाटतं, पण ते ग्रामीणमध्ये आहे. रेल्वे स्टेशनच्या फलाटावरची चोरी यातल्या कशातच सापडणार नाही. ती लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे पुणे लोहमार्गच्या यादीत बघायची.

तारीख टाकताना घटनेची नाही, गुन्हा दाखल झाल्याची टाकायची. घटना रात्री साडेअकराची असेल तर नोंद दुसऱ्या दिवशीची असते, म्हणून आधी-नंतरचे मिळून चार-पाच दिवस धरून शोधा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर यायला हवा; इंटरनेटची अडचण असेल तर 48 आणि दुर्गम भागात जास्तीत जास्त 72 तास. म्हणजे आज सकाळचा गुन्हा आज दुपारी दिसला नाही म्हणून तो दाखलच झाला नाही असं समजू नका. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं या आदेशातूनच वगळलेली आहेत. ती कितीही दिवसांनी बघा, दिसणार नाहीत.

पान जुन्या धाटणीचं आहे. मोबाइलवर रकाने स्क्रीनबाहेर जातात, ब्राउझरचं बॅक बटण दाबलं की भरलेलं सगळं पुसलं जाण्याची शक्यता, आणि पॉप-अप बंद असेल तर पीडीएफ उघडतच नाही. शक्यतो कॉम्प्युटरवर करा. एका पानावर दिसणाऱ्या नोंदींची संख्या आधी वाढवून घ्या, नाहीतर पुढच्या पानांवर जाताना वैताग येतो.

पीडीएफ हातात आली की सगळी वाचायची गरज नाही. रकाना 2 मध्ये कायदा आणि कलमं, 7 मध्ये आरोपी, 12 मध्ये फिर्यादीची हकीकत आणि 13 मध्ये तपास कुणाकडे दिला त्या अधिकाऱ्याचं नाव. बाहेरचा माणूस 7 बघून थांबतो. तिथे बऱ्याचदा 'अनोळखी इसम' एवढंच असतं, कारण फिर्याद देताना चोर कोण हे फिर्यादीलाच माहीत नसतं. पुढे कुणाला अटक झाली तरी एफआयआरचा कागद बदलत नाही. आणि उलटही खरं: रकाना 7 मध्ये नाव आहे म्हणजे अटक झालीच असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत बहुतेक वेळा बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 35(3) ची नोटीस देऊन माणसाला घरी सोडतात. ठाण्यात मात्र रकाना 13 मधलं नाव उपयोगी पडतं: 'साहेब, हा गुन्हा अमुक अधिकाऱ्यांकडे आहे, त्यांना भेटायचंय' म्हटलं की बोलणं मुद्द्यावर येतं.

या भागाला पाचपैकी चार.

त्याच पोर्टलवरच्या 'अटक आरोपी' या भागाला दोनच. नाव वाचून वाटतं की उत्तर इथेच आहे, पण ही यादी ताज्या अटकेसाठी विसंबण्यासारखी नाही. नोंद उशिरा चढते आणि नावाचं स्पेलिंग ज्याने टाइप केलं त्याच्या मनासारखं असतं. शिवाय एक अख्खा वर्ग इथे शोधण्यातच अर्थ नसतो, तो म्हणजे प्रतिबंधक कारवाई. मिरवणूक, निवडणूक किंवा गल्लीतली भांडणं, यात बीएनएसएसच्या कलम 170 खाली (जुनं 151) माणसाला उचलतात, तेव्हा एफआयआरच नसतो. कलम 126 किंवा 129 ची चॅप्टर केस (शांततेची किंवा चांगल्या वर्तनाची हमी लिहून घेण्याची कारवाई) कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. शहरात ते काम एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) साहेबांकडे असतं. एमपीडीए (धोकादायक कृत्यांना आळा घालणारा राज्याचा कायदा) खालची स्थानबद्धता आणि तडीपारीही तशीच, प्रशासकीय आदेशाने होते. हे सगळं ना प्रकाशित एफआयआरमध्ये दिसतं, ना कोर्टाच्या साइटवर. 'ऑनलाइन काहीच नाही, म्हणजे बेकायदा डांबलंय' असा निष्कर्ष काढण्याआधी ही शक्यता तपासा.

ई-कोर्ट्स ही तिघांत सगळ्यात भक्कम सेवा. ॲपवर किंवा साइटवर केस स्टेटसमध्ये महाराष्ट्र, सोलापूर, मग कोर्ट संकुल निवडायचं. शहरातल्या गुन्ह्याला सोलापूर. पंढरपूर, बार्शी, माळशिरस, सांगोला वगैरे संकुलं वेगळी आहेत. नंतर 'एफआयआर नंबर' हा पर्याय घेऊन ठाणं, क्रमांक आणि वर्ष. इथे एक बारीक खाच आहे. 'पेंडिंग' निवडलेलं असेल तर निकाली निघालेला जामीन अर्ज दिसत नाही, आणि जामीन अर्ज चार-आठ दिवसांत निकाली निघू शकतो. म्हणून नेहमी 'बोथ' निवडा. दोषारोपपत्र जाईपर्यंत त्या एफआयआरखाली बहुधा फक्त जामीन अर्जच सापडतो. दोषारोपपत्राला 60 किंवा 90 दिवस लागू शकतात. त्यानंतर केसला आरसीसी (नियमित फौजदारी खटला) क्रमांक पडतो.

तो जामीन आदेश उघडून वाचा. अटकेची तारीख, कलमं, सरकार पक्षाचं म्हणणं, जप्ती झाली की नाही, हे दोन-तीन पानांत एकत्र मिळतं. अटकेबद्दल उघडपणे मिळणारा यापेक्षा चांगला कागद नाही. दोषारोपपत्र मात्र वेबसाइटवर शोधू नका. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

पक्षकाराच्या नावाने शोधणं सोलापुरात खास अवघड, कारण गाव मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांचं. शेख हे आडनाव इंग्रजीत किमान तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, आणि पूर्व भागातल्या पद्मशाली आडनावांत 'व्ही' की 'डब्ल्यू', एक 'एल' की दोन, याचा नेम नाही. पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली चार-पाच अक्षरंच टाका आणि वर्ष बदलून बघा. सापडलेला माणूस तोच आहे हे वडिलांचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय मानू नका. सोळा अंकी-अक्षरी सीएनआर (केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला की लिहून ठेवा. पुढच्या तारखा त्यावरच बघता येतात. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण या नावांच्या गोंधळापायी गेला.

ई-प्रिझन्स म्हणजे कारागृहांची सरकारी ऑनलाइन सेवा. तिच्याकडून लोकांची अपेक्षा चुकीची असते. जिल्हा कारागृहात कोण आहे याची यादी तिथे जनतेला दिसत नाही. ई-मुलाकात ही भेटीची वेळ घेण्याची सोय आहे. भेटणाऱ्याचं ओळखपत्र आणि मोबाइल, कैद्याचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि कारागृह भरायचं. नोंद जुळली तर विनंती पुढे जाते. विनंती नाकारली जाण्याचं एक साधं कारण म्हणजे माणूस अजून पीसीआरमध्ये असतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, तेव्हा तो पोलीस लॉकअपमध्ये; एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाल्यावरच कारागृहात. नव्या कायद्यात पोलीस कोठडीचे 15 दिवस सलग असण्याची सक्ती नाही. गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत ते तुकड्यांनीही घेता येतात. त्यामुळे गेल्या आठवड्यात जेलमध्ये असलेला माणूस आज परत ठाण्यात असू शकतो. मोठी शिक्षा लागलेल्याची चौकशी येरवड्याला करा.

अटकेच्या पहिल्या दिवशी यातली एकही वेबसाइट कामाची नाही. तेव्हा ठाणंच गाठायचं. बीएनएसएसच्या कलम 37 प्रमाणे अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावणं बंधनकारक आहे. फलक दिसला नाही तर ठाणे अंमलदाराकडे तीन गोष्टी विचारा: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि कोर्टात कधी हजर करणार. अटकेची माहिती नातेवाइकाला देणं कलम 48 प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं. रविवारी किंवा सणाच्या दिवशी हॉलिडे कोर्ट असतं, म्हणून 'सोमवारी या' हे उत्तर मान्य करू नका. आरोपीच्या वतीने एफआयआरची प्रत मागितली तर ती 24 तासांत मिळायला हवी, हेही 2016 च्या त्याच आदेशात आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, पण एरवी त्याला 30 दिवस लागतात. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तसं अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.

भाडेकरू किंवा कामावर ठेवायच्या माणसाची पार्श्वभूमी बघण्यासाठी काही खासगी साइट पैसे घेऊन 'क्रिमिनल रिपोर्ट' देतात. त्यातलं बरंचसं ई-कोर्ट्सवरचं नावाने केलेलं शोधकामच असतं, सारख्या नावांच्या गोंधळासकट. त्यापेक्षा त्या माणसालाच पोलिसांच्या सेवेतून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून आणायला सांगा. अर्ज त्याच्या नावाने, त्याच्या कागदपत्रांवर होतो, आणि एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत होत नाही.