‘ब्रशलेस’च्या नावाखाली कार्बनची मशीन : ठाणे-नवी मुंबईतल्या कंत्राटदारांनो, पैसे देण्याआधी हे वाचा

बनावट पॉवर टूल्सच्या खरेदीत आमचे एकूण १,०२,६६० रुपये गेले. चार कॉम्बो किट प्रत्येकी १८,६०० दराने ७४,४००, सहा जादा बॅटऱ्या प्रत्येकी २,१०० दराने १२,६०० आणि वर १८ टक्के जीएसटीचे १५,६६०. ड्रिल-ग्राइंडर रोज हाताळणाऱ्या माणसांना ड्रिल-ग्राइंडरच्याच व्यवहारात गंडवलं गेलं, हे लिहिताना लाज वाटते. पण आम्हाला आलेला तोच दरपत्रकाचा फोटो घणसोली, खारघर, उलवे आणि घोडबंदर रोडवरच्या फर्निचर-फेब्रिकेशनवाल्यांच्या मोबाइलवर अजून फिरतोय. म्हणून गप्प बसणं शक्य नाही.

योजना नेहमीचीच : नवीन १८ व्होल्ट ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेली) मालिका, ‘फक्त कंत्राटदारांसाठी लाँच रेट’, निम्मे पैसे आधी, निम्मे डिलिव्हरीला. एका किटमध्ये १३ मिमी चकचं ड्रिल, चार इंची ग्राइंडर, एसडीएस-प्लस (बिट खटक्याने बसवायच्या पद्धतीचं) रोटरी हॅमर, ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर. कोणी म्हणेल, एवढं स्वस्त मिळतंय तेव्हाच कळायला हवं होतं. नाही, ते तेवढं सोपं नव्हतं. डेमोला आणलेलं मशीन शंभर टक्के अस्सल होतं. आरसीसी कॉलममध्ये १० मिमीचा बिट सरळ आत गेला, सळई लागल्यावर क्लच (बिट अडकला की मोटरचा जोर तोडणारा भाग) सुटला, मनगटाला झटका बसला नाही. नव्या मालिकेच्या सुरुवातीला कंपन्या डीलरांना खरोखरच स्कीम देतात. ऐन कामाच्या दिवसांत चार साइटवर एकाच जातीच्या बॅटऱ्या असाव्यात, हा हिशेबही योग्यच होता. अस्सल मशीन दाखवून बनावट पेट्या उतरवणाऱ्याचा गुन्हा विकत घेणाऱ्याच्या माथी मारू नका.

सगळं उघडं पडण्याचा क्षण मात्र होता, आणि तोच डोक्यातून जात नाही. बिल एका फर्मच्या नावाचं. ॲडव्हान्ससाठी पाठवलेला क्यूआर स्कॅन केल्यावर मोबाइलच्या पडद्यावर नाव आलं एका व्यक्तीचं. फर्मशी त्या नावाचा काडीचाही संबंध नाही. विचारल्यावर उत्तर तयार होतं : “शेठ, करंट खात्याची आजची लिमिट संपली, हे माझ्या भावाचं खातं, बिलात ॲडजस्ट होईल.” तिथेच ५१,३३० रुपये गेले. पैसे स्वीकारायची लिमिट संपते म्हणे! धंद्याच्या खात्यात पैसे येण्याला असली अडचण नसते, हे प्रत्येक धंदेवाल्याला माहीत असतं. साइटवर टेम्पो उभा, मिस्त्री खोळंबलेला, समोरचा घाई करतोय, अशा वेळी हे नाव वाचलं जातं आणि बोट पुढे सरकतं. ठगांनी नेमकी हीच वेळ धरलेली असते. बिलावरचं नाव आणि क्यूआरवरचं नाव जुळलं नाही, तर टेम्पो परत पाठवा. भाऊ, मेहुणा, अकाउंटंट, कोणाचंही नाव चालवून घेऊ नका. राहिलेले ५१,३३० डिलिव्हरीच्या वेळी त्याच खात्यात गेले.

आता मालाकडे येऊ, कारण ओळखायच्या खुणा मालातच आहेत.

बॅटरीपासून सुरुवात करा. १८ व्होल्टच्या ५ अँपिअर-तासाच्या पॅकमध्ये साधारणपणे १८६५० मापाचे दहा सेल असतात : पाच सीरिजमध्ये, आणि अशा दोन रांगा पॅरलल. एका सेलचं वजन ४५ ते ४८ ग्रॅम, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर. त्यात प्लॅस्टिकचं घर, सर्किट आणि पट्ट्या धरल्या तर पॅक सहाशे ग्रॅमच्या आसपास भरायलाच हवा. आम्हाला मिळालेला पॅक वजनकाट्यावर ३८५ ग्रॅम. मधे टोक असलेल्या टॉर्क्स स्क्रूंनी बंद केलेलं घर उघडलं तर आत पाचच सेल, तेही बिननावाचे. उरलेल्या पाच खोबणींत प्लॅस्टिकची पोकळ नळकांडी. भाजीवाल्याच्या काट्यावरसुद्धा हा फरक कळतो. डिलिव्हरी घेताना एक पॅक तरी तोलाच.

मल्टिमीटरवर विसंबू नका. पूर्ण चार्ज झालेला पॅक २०.५ ते २१ व्होल्ट दाखवतो, मग आत पाच सेल असोत की दहा. सीरिजमध्ये पाचच असतात, त्यामुळे व्होल्टेज तेवढंच येतं, कमी पडते ती क्षमता. ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असले आकडे छापलेल्या बऱ्याच पॅकमध्येही हेच पाच सेल असतात. त्या आकड्यांना काहीच अर्थ नाही.

क्षमता मोजायची स्वस्त पद्धत अशी. १२ व्होल्ट ५५ वॅटचे गाडीचे दोन हॅलोजन बल्ब सीरिजमध्ये जोडा, मधे १० अँपिअरचा फ्यूज टाका आणि पूर्ण चार्ज केलेला पॅक लावा. साधारण ४ अँपिअर करंट जातो. खरा ५ अँपिअर-तासाचा पॅक सव्वा तासाच्या आसपास टिकतो. १.५ अँपिअर-तासाचा वीस-बावीस मिनिटांत झोपतो. मल्टिमीटर लावून ठेवा आणि १५ व्होल्टला थांबवा, त्याखाली सेल खराब होतात. बल्ब प्रचंड तापतात, त्यामुळे लाकडाच्या भुशाजवळ किंवा प्लायवर ठेवू नका. आमचा एकही पॅक पंचवीस मिनिटांच्या पुढे गेला नाही.

खरी भीती वेगळीच आहे. त्या पॅकमध्ये दोन सेलमधल्या जोडांवरून सर्किटकडे जाणाऱ्या बारीक तारा नव्हत्या, म्हणजे प्रत्येक सेलवर वेगळं लक्षच नाही. चार्जर एकूण २१ व्होल्ट बघून थांबतो. एक सेल कमकुवत असला की बाकीचे ४.२ व्होल्टच्या वर चढतात आणि तापतात. तापमान कळायला असतो तो थर्मिस्टरही नाही. त्याच्या जागी एक साधा रेझिस्टर डकवलाय, म्हणजे पॅक कितीही तापला तरी चार्जरला तो कायम थंडच वाटणार. प्लाय, थिनर आणि फेव्हिकॉलचे डबे पडलेल्या फ्लॅटमध्ये कामावरची मुलं रात्री हे पॅक चार्जिंगला लावून तिथेच झोपतात. विकणाऱ्याला हे माहीत नाही असं मी मानत नाही, कारण तो रेझिस्टर आपोआप जाऊन बसलेला नाही. पॅकवर आयएस १६०४६ (अशा बॅटऱ्यांच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. क्रमांक नसेल किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला, तर माल ठेवून घेऊ नका.

मशीन. ‘ब्रशलेस’ हा शब्द बॉडीवर स्टिकरने चिकटवला होता. अंधाऱ्या खोलीत ड्रिल चालवून मागच्या जाळीतून बघा : निळ्या ठिणग्या दिसल्या की आत कार्बन ब्रश आहेत. ब्रशलेस मोटरमध्ये कम्युटेटरच (कार्बन ज्यावर घासतात ती तांब्याची फिरती कडी) नसतो, तर ठिणगी येणार कुठून? उघडून बघायची सोय असेल तर मोटरकडे जाणाऱ्या जाड वायरी मोजा. ब्रशलेसला तीन, कार्बनवाल्याला दोन. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) तारेवरचं इनॅमल ब्लेडने किंचित खरवडा. आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. तांब्यापेक्षा त्याचा विद्युतरोध सुमारे १.६ पट, म्हणून मार्बल कापताना दहा मिनिटांत जळका वास येतो.

ग्राइंडरचा स्विच ऑन ठेवून बॅटरी आत सरकवा. बहुतेक चांगल्या ब्रशलेस ग्राइंडरमध्ये मशीन तसंच सुरू होत नाही, आधी स्विच बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. आमचं लगेच फिरायला लागलं. हातात चार इंची डिस्क असताना याचा अर्थ काय, हे सांगायला नको. किटबरोबर ‘फ्री’ आलेल्या डिस्कवर कमाल वेग छापलेलाच नव्हता. चार इंची कटिंग डिस्कवर ८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे १५,००० आरपीएमच्या थोडा वरचा आकडा असतो, आणि मधल्या धातूच्या कड्यावर मुदत. दोन्ही नसेल तर ती डिस्क तोडून टाका, हेल्परच्या हातात देऊ नका. रोटरी हॅमरमध्ये क्लच नव्हता, सळईत बिट अडकला की मशीनच फिरतं.

आणि चारही ड्रिलवर सिरीयल नंबर एकच! पेट्या फोडायच्या आधी सगळे नंबर शेजारी ठेवून वाचा. पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि मूळ देश छापलेला हवा, हे सगळं कायद्याने बंधनकारक आहे. पेटी फोडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढा.

बिलावरचा जीएसटी नंबर अक्षर-अंक मिळून १५ चा, महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा, दिसायला अगदी खरा. जीएसटी पोर्टलवर विनाशुल्क शोधता येतो. नंतर शोधला तेव्हा निघाला दुसऱ्याच धंद्याचा आणि रद्द झालेला. त्यामुळे भरलेल्या १५,६६० कराचं क्रेडिट २बी (पोर्टलवरचं मासिक क्रेडिटचं विवरण) मध्ये आलंच नाही. नाव, धंदा आणि ‘ॲक्टिव्ह’ हा शेरा, तिन्ही बघा, नुसता नंबर खरा असून भागत नाही. पॉवर टूल्सचा एचएसएन (मालाच्या वर्गाचा कोड) ८४६७ आहे, तोही जुळवा.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल. सर्व्हिस सेंटरमधला माणूस अर्ध्या मिनिटात म्हणाला, “हे आमचं नाही.” तेवढं लेखी द्या म्हटल्यावर ‘पॉलिसी नाही’. पोलीस ठाण्यात उत्तर : “माल मिळाला ना? मग सिव्हिल मॅटर आहे.” पैसे ठाणे शहरातून गेले, माल नवी मुंबईत उतरला. दोन पोलीस आयुक्तालयं, म्हणून दोन्हीकडून एकमेकांकडे बोट. नकली माल आहे म्हटलं तर ‘कंपनीला तक्रार करू दे’. कंपनीला मेल केला तर ‘अधिकृत डीलरकडूनच खरेदी करा’ असा ठरावीक मजकूर. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच मंजूर केला. कर कार्यालय म्हणतं पोलिसांकडे जा. पेटलेल्या बॅटरीत एखादा पोरगा भाजला की हेच सगळे पंचनाम्याला हजर होतील. आधी कोणी एक कागद पुढे सरकवत नाही.

हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, तो घडला कुठेही असो. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), अर्जात तेच लिहा. नोंद नाकारली तर तोच अर्ज वरिष्ठांना टपालाने पाठवा, पोचपावती जपा, आणि तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तासाभरात केला तर खातं गोठण्याची शक्यता असते, उद्यावर टाकलं तर पैसे पुढे गेलेले असतात.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे ‘तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नाही’ असं ऐकवलं गेलं. ते अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वतःच्या रोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. एकटा सुतार, इलेक्ट्रिशियन, फेब्रिकेटर त्यात बसतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते.

त्याच किटमधल्या बॅटऱ्या आता सुट्या, ९०० रुपयांना विकायला काढल्याचं कानावर आलंय, फसलेलेच लोक पुढे ढकलतायत. तसं करू नका. पॅक बल्बवर १५ व्होल्टपर्यंत उतरवा, टर्मिनलवर टेप मारा आणि ई-कचऱ्यात द्या. पुराव्यासाठी एक उघडलेला आणि एक सीलबंद मात्र ठेवा. अशीच पेटी तुमच्याकडे आली असेल तर ड्रिलचा सिरीयल नंबर आणि क्यूआरवरचं नाव कळवा. नंबर तोच निघाला तर एकत्र अर्ज देऊ. एकट्याला सिव्हिल मॅटर म्हणून बाहेर काढता येतं, एकाच सिरीयल नंबरची वीस ड्रिलं टेबलावर ठेवली तर ते उत्तर देता येणार नाही.